बोट कुठलं? गिटारच्या कॉर्डची चारशे वर्षं

आज आपण अगदी छोट्या प्रश्नापासून सुरुवात करू. गिटार हातात घेतली की पहिल्या काही दिवसांतच तो येतो. ए मेजर कॉर्ड वाजवायची आहे. चौथी, तिसरी आणि दुसरी अशा लागोपाठच्या तीन तारा, आणि तिन्ही दुसऱ्याच फ्रेटवर दाबायच्या. जागा इवलीशी, बोटं तीन. तक्ता सांगतो, तर्जनी-मधलं-अनामिका अशी ओळीनं ठेवा. कुणी पहिल्या दोन बोटांची अदलाबदल करतो. कुणी एकच बोट आडवं टाकून मोकळा होतो. मग बरोबर कोण? आणि हे ठरवलं कुणी?

त्यासाठी आपल्याला स्पेनला जावं लागतं. हुआन कार्लोस आमात हा बार्सिलोनाच्या परिसरातला, मोनिस्ट्रोल गावचा डॉक्टर. त्याचं गिटारवरचं छोटेखानी पुस्तक १५९६ चं मानलं जातं. तेव्हाच्या गिटारला तारांच्या पाच जोड्या असत. आजची सर्वांत जाड, सहावी तार नव्हतीच. आमातनं १२ मेजर आणि १२ मायनर अशा २४ कॉर्डना आकडे दिले आणि ते एका वर्तुळात मांडले. स्वरलिपी येत नसली तरी चालेल, आकडा बघा आणि हात ठेवा! हे पुस्तक जवळजवळ दोनशे वर्षं पुन्हा पुन्हा छापलं जात राहिलं.

इटलीत आकड्यांच्या जागी अक्षरं आली. जिरोलामो मोंतेसार्दोनं १६०६ मध्ये फ्लोरेन्सला असं पुस्तक छापलं. या पद्धतीला ‘अल्फाबेतो’ म्हणतात. गंमत अशी, की या अक्षरांचा स्वरांच्या नावांशी काहीही संबंध नाही. ए लिहिलं की वाजते आजची जी मेजर, बी म्हणजे सी मेजर, सी म्हणजे डी मेजर, आणि अधिकचं चिन्ह म्हणजे ई मायनर. आपल्याला हे विचित्र वाटायचं कारण नाही. तबल्याचा ‘धा’ काय आहे? दोन्ही हातांनी एकदम करायची क्रिया एका अक्षरात बांधलेली. अल्फाबेतोचं अक्षरही तसंच, ते डाव्या हाताच्या आकाराचं नाव आहे. तोच आकार वर सरकवायचा असेल तर अक्षरावर फ्रेटचा आकडा लिहीत. आज आपण एफची बार कॉर्ड दोन फ्रेट वर नेऊन जी वाजवतो, ती युक्ती या पुस्तकांत आहे.

जाणकारांना हे फार खुपलं. कोव्हार्रुबियास या स्पॅनिश कोशकारानं १६११ च्या आपल्या शब्दकोशात तक्रार केली आहे, की गिटार इतकी सोपी झाली की तबेल्यातला प्रत्येक मोतद्दार वादक होऊन बसला! आम्हाला विचाराल तर ही तक्रार म्हणजे त्या पद्धतीला मिळालेलं प्रशस्तिपत्रच.

पण आकार शिकून झाला, पुढे? हात तिथून निघणार कसा? याचं उत्तर त्याच पुस्तकांतल्या ‘पासाकाल्ये’त सापडतं. हे म्हणजे तीन-चार कॉर्डचं छोटं आवर्तन. घरच्या कॉर्डवरून चौथीवर, तिथून पाचवीवर, परत घरी. एक पट्टी झाली की दुसऱ्या पट्टीत तेच. म्हणजे कॉर्ड सुटी शिकायचीच नाही, फेरीत शिकायची. बोटांचा प्रश्न इथेच सुटतो.

ए मेजरच्या पट्टीत हीच फेरी ए, डी, ई अशी होते. करून बघा. ए धरताना तर्जनी तिसऱ्या तारेवर ठेवा, मधलं बोट चौथीवर, अनामिका दुसरीवर. आता डीवर जायचंय. डीमध्येही तिसऱ्या तारेवर दुसऱ्याच फ्रेटला तर्जनी लागते, म्हणजे ती हलतच नाही! अनामिका त्याच तारेवर एक फ्रेट पुढे सरकते. उचलावं लागतं फक्त मधलं बोट. पुढे ई आली की तर्जनी तीच तार न सोडता एक फ्रेट मागे येते. अदलाबदल करणाऱ्याचं बरोबर आहे ते एवढ्यासाठी. ओळीनं ठेवलेली बोटंही चूक नाहीत, पण या फेरीत डीवर जाताना तर्जनीही उचलून नव्यानं मांडावी लागते. जी मेजरचं तसंच. पुढे सी येणार असेल तर जाड तारांवर मधलं बोट आणि अनामिका ठेवावी, पहिल्या तारेवर करंगळी. मग ती दोन बोटं जोडीनंच एकेक तार सरकतात. तक्त्यावर छापलेले आकडे हे पुढचं गाणं सांगत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुढे किती मान तुकवायची ते आपण ठरवावं.

आता अंगठा. पियानोवर अंगठा म्हणजे एक नंबर, गिटारवर डाव्या हाताची तर्जनी एक. अंगठा गळ्यामागे गेला, तो मोजणीतूनच बाद. पण हे आपोआप झालेलं नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी सहावी तार आली आणि तिच्यावर बोट पुरेना. पॅरिसमध्ये फेर्दिनांदो कारुल्ली शिकवत होता, की अंगठा वरून आणून ती तार दाबावी. फेर्नांदो सोरच्या १८३० च्या पुस्तकाचं मत उलट, अंगठा मागेच हवा, नाहीतर बाकीची बोटं आखडतात. आजचे शास्त्रीय वादक सोरच्या बाजूचे आहेत. आणि रॉक, ब्लूज वाजवणारे? जिमी हेंड्रिक्सच्या हाताकडे बघा, अंगठा खुशाल वरून आलेला आहे.

एफची बार कॉर्ड लागत नाही म्हणून कितीतरी जण दुसऱ्या महिन्यात गिटार कपाटावर ठेवतात. आपला हातच तसला नाही, असं त्यांना वाटतं. त्यांनी सहाव्या तारेवर पहिल्या फ्रेटला अंगठा आणून बघावा, आणि तर्जनी फक्त पहिल्या दोन तारांवर आडवी टाकावी. तेही जमेना तर सहावी आणि पाचवी तार सोडून चारच तारांची एफ धरावी. आमातच्या गिटारला तर सहावी तार नव्हतीच.