नोंदवहीचा मान : संग्रहालयातल्या माणसांचा गौरव आपण कशासाठी करतो?

या मालेत आतापर्यंत आपण वस्तूंबद्दल बोललो. आज वस्तू सांभाळणाऱ्या माणसांबद्दल बोलू.

गायकाला पुरस्कार मिळाला तर का मिळाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. आपण त्याचं गाणं ऐकलेलं असतं. पण संग्रहालयातल्या कुणाला 'उल्लेखनीय कार्याबद्दल' गौरवलं असं वाचलं, की आपण जरा थबकतो. या माणसानं केलं काय? मूर्ती त्यानं घडवली नाही, चित्र त्यानं काढलं नाही. वस्तू आधीच होती, आजही आहे. मधल्या काळात ती नाहीशी झाली नाही, हेच त्याचं काम. आता न घडलेल्या गोष्टीचा सत्कार करायचा कसा?

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे अशा वेळी ॲरिस्टॉटलकडे जायची खोड आहे. सन्मान हे आयुष्याचं अंतिम ध्येय का होऊ शकत नाही, याचं एक साधं कारण त्यानं नीतिशास्त्रात दिलंय. सन्मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यांवर जास्त अवलंबून असतो. हे खरं मानलं, तर पुरस्कारांची यादी मिळवणाऱ्यांबद्दल सांगते तितकंच देणाऱ्यांबद्दलही सांगते. समाजाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते त्या यादीत वाचता येतं.

आपल्याकडची यादी बघा. मुंबईच्या तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे संचालक डॉ. मोतीचंद्र यांना १९६६ साली पद्मभूषण मिळालं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाची घडी बसवणाऱ्या अमेरिकन बाई ग्रेस मॉर्ली यांना १९८२ साली पद्मभूषण. मुंबईच्याच संग्रहालयाचे एक माजी संचालक सदाशिव गोरक्षकर यांना २००३ साली पद्मश्री. तिन्ही माणसं मोठी, तिन्ही सन्मान योग्य, यात वादच नाही. पण तिघंही संचालक होते हे लक्षात घ्या. युरोपात केनेथ हडसन यांनी १९७७ साली वर्षातल्या उत्तम संग्रहालयाचा पुरस्कार सुरू केला, आणि भर दिला तो येणाऱ्या लोकांना संग्रहालय काय देतं यावर. ही मोठीच सुधारणा होती. पण तो मानही संस्थेचा. म्हणजे सन्मान जातो विद्वत्तेला, नेतृत्वाला, नाहीतर इमारतीला. नोंदवही लिहिणारा हात या यादीत सहसा सापडत नाही.

तो हात सापडलेलं एक ठळक उदाहरण आहे, आणि त्यासाठी आपल्याला पॅरिसला जायला हवं.

रोझ वालाँ ही लोहाराची मुलगी, जन्म १८९८. कलेचं रीतसर शिक्षण घेतलेलं, पदव्या भरपूर. तरी १९३२ साली 'झ द पोम' या छोट्या कलासंग्रहालयात ती लागली ती बिनपगारी, आणि पुढची अनेक वर्षं तशीच राबली. मग १९४० साली जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं. ज्यू कुटुंबांच्या घरांतून आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्यांतून लुटलेली चित्रं जमा करून जर्मनीला पाठवायची, यासाठी नाझींनी हीच इमारत ताब्यात घेतली. राष्ट्रीय संग्रहालयांचे प्रमुख झाक झोजार यांनी वालाँबाईंना सांगितलं, काहीही करून तिथंच राहा.

त्या राहिल्या. साध्या कपड्यांतल्या, कमी बोलणाऱ्या या बाईकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. तिला जर्मन समजतं हे जर्मन अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हतं. चार वर्षं ती ऐकत राहिली, कचऱ्याच्या टोपलीतले कागद बघत राहिली, आणि टिपणं करत राहिली. कुठलं चित्र, कुणाच्या घरातलं, कुठल्या पेटीत, कुठल्या गावाला. स्वतः गोरिंग चित्रं निवडायला तिथं सुमारे वीस वेळा येऊन गेला. पकडली गेली असती तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

या टिपणांचं मोल दोनदा दिसलं. ऑगस्ट १९४४ मध्ये चित्रांच्या १४८ पेट्या आगगाडीत भरल्या गेल्या. वालाँबाईंनी खबर पोचवली, रेल्वेच्या लोकांनी ती गाडी पॅरिसच्या आसपासच रखडवली, आणि ऑगस्टच्या अखेरीस मुक्त फ्रान्सच्या सैनिकांनी ती ताब्यात घेतली. त्या तुकडीचा अधिकारी होता चित्रव्यापारी पॉल रोझेनबर्ग यांचा मुलगा. गाडीत त्याच्या वडिलांची चित्रं होती! पुढे वालाँबाईंनी आपली माहिती जेम्स रॉरिमर या अमेरिकन अधिकाऱ्याला दिली. हेच रॉरिमर नंतर न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमचे संचालक झाले. त्या माहितीच्या आधारे बव्हेरियातल्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्यातला मोठा साठा सापडला. युद्धानंतर सुमारे ६० हजार कलावस्तू फ्रान्सला परत आल्या आणि त्यांतल्या सुमारे ४५ हजार मालकांच्या किंवा वारसांच्या हाती पडल्या. हे सगळं श्रेय एकट्या बाईंचं नाही. पण 'हे चित्र कुणाचं?' या प्रश्नाला उत्तर मिळालं, त्यात त्यांच्या कागदांचा वाटा फार मोठा होता.

मान मिळाले ना! लेजियन ऑफ ऑनर, प्रतिकार लढ्याचं पदक, १९४८ साली अमेरिकेचं स्वातंत्र्यपदक, पुढे पश्चिम जर्मनीचाही सन्मान. पण क्रम बघा. अभिरक्षक हे पद, म्हणजे ज्या कामात त्या वीस वर्षं होत्या त्या कामाचं साधं नाव, त्यांना पदकांच्याही नंतर, १९५०च्या दशकात मिळालं. शौर्य लगेच ओळखलं गेलं, व्यवसाय ओळखायला वेळ लागला.

इथं आपण थोडं थांबू. वालाँबाईंचं धाडस असामान्य होतं, पण प्रत्यक्ष कृती कुठली होती? वस्तू कुठून आली, कुणाची होती, कुठं गेली, हे लिहून ठेवणं. म्हणजे कुठल्याही संग्रहालयातलं रोजचं काम, ज्याला तिथली मंडळी ॲक्सेशन रजिस्टर म्हणतात. युद्धानं त्या कामावर प्रकाश टाकला. शांततेच्या काळात तोच कागद कपाटात पडून असतो, आणि तो लिहिणारा निवृत्त होऊन जातो.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. एका लहान संग्रहालयात आमचं बरीच वर्षं जाणंयेणं होतं. तिथं एक कर्मचारी होते, हुद्दा अगदी खालचा. जुन्या रजिस्टरात 'लाकडी दरवाजा, नक्षीदार, एक' एवढीच नोंद असायची. हे गृहस्थ सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन विचारत, की हा दरवाजा कुठल्या वाड्याचा, कुणी दिला, सुतार कोण. मिळेल ते शाळेच्या वह्यांत लिहून ठेवत. त्यांच्या निरोपसमारंभात शाल-नारळ झाला, तीन भाषणं झाली. तिघांनीही त्यांच्या वक्तशीरपणाची स्तुती केली. वह्यांचं नाव कुणी काढलं नाही. त्या तीन वक्त्यांत आम्ही एक होतो. काही वर्षांनी एका विद्यार्थिनीला त्या दरवाजावर काम करायचं होतं, तेव्हा आम्ही वह्यांची चौकशी केली. रद्दीत गेल्या होत्या. दरवाजा आजही आहे, फक्त तो कुठला हे आता सांगता येत नाही. आमच्याही डोळ्यांना ते काम तेव्हा दिसलं नव्हतं, ही खंत आहे.

म्हणून शेवटी पुण्यातल्या एका माणसाची आठवण काढू, कारण न दिसणारं बघण्याची दृष्टी त्यांच्याकडे होती. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६. व्यवसाय चष्म्यांचा, आणि 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहीत. विद्वानांची नजर शिलालेखांवर आणि मूर्तींवर होती, त्या काळात हे गृहस्थ अडकित्ते, दौती, कुलपं, वज्र्या, दिवे गोळा करत हिंडले. पत्नी कमलाबाईंची साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९७५ साली वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा तो संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. १९८० साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते.

केळकर ना कुठल्या सरकारी संग्रहालयाचे संचालक, ना पुरातत्त्वाचे प्राध्यापक. तरी देणाऱ्यांना ते दिसले, हे यादीच्या दृष्टीनं चांगलं लक्षण. पण त्याआधी साठेक वर्षं केळकर स्वतःच एक सन्मान देत होते. ज्या तांबटानं दिवा ओतला, ज्या लोहारानं कुलपाला मोराचा आकार दिला, त्यांची नावं कुठंच नाहीत. त्यांचं काम जपून ठेवण्यासारखं आहे, असं कुणीतरी पहिल्यांदा ठरवलं. वालाँबाईंनी मालकाचं नाव वाचवलं, केळकरांनी निनावी कारागिराचा हात वाचवला. त्या वह्यावाल्या गृहस्थांना तर हे दोन्ही करायचं होतं.

तेव्हा पुरस्कार समित्यांवर बसणारे कुणी हे व्याख्यान ऐकत असतील, तर आमची विनंती छोटी आहे. पुढच्या वेळी नावं मागवाल तेव्हा फक्त संचालकांना पत्र पाठवू नका. नोंदी कुणी लिहिल्या, साठवणीच्या खोलीत वाळवीवर लक्ष कोण ठेवतं, हेही विचारा. आणि आपण बाकीचे, पुढच्या खेपेला संग्रहालयात गेलो की एखाद्या वस्तूखालची चिठ्ठी वाचून तिथल्या माणसाला विचारू या, हे कुणी शोधून काढलं? नाव कळलं तर ते लिहून घ्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.