युनिव्हर्सल कोळसा खाण, सेंघेनिद

ग्रेट ब्रिटनच्या दक्षिण वेल्स कोळसाक्षेत्रातील एक बंद खाण. केअरफिली शहराच्या वायव्येस, ॲबर खोऱ्याच्या वरच्या टोकाला असलेल्या सेंघेनिद या गावात ती होती. हा भाग पूर्वी ग्लॅमॉर्गन परगण्यात मोडत असे. आता तो केअरफिली काउंटी बरो या प्रशासकीय विभागात येतो. १८९६ ते १९२८ एवढ्या काळातच या खाणीत दोन मोठे स्फोट झाले. २४ मे १९०१ रोजी ८१ कामगार मरण पावले आणि १४ ऑक्टोबर १९१३ च्या दुर्घटनेत, बचावपथकातील एकासह, ४४० जणांचा बळी गेला. ही दुसरी दुर्घटना ब्रिटनच्या खाणइतिहासातील सर्वांत भीषण होय. कोळशाच्या धुळीचा बंदोबस्त आणि स्फोटक हवेत वापरायची विद्युत उपकरणे यांविषयीचे पुढचे नियम ज्या अनुभवांतून आले, त्यांत या खाणीचा वाटा मोठा आहे.

स्थान व उगम : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ॲबर खोऱ्यात डोंगरउतारावरची तुरळक शेतघरे आणि मेंढ्यांची कुरणे एवढीच वस्ती होती. खोऱ्याच्या पोटात मात्र ‘स्टीम कोल’ म्हणून नावाजलेल्या कोळशाचे थर होते. हा कोळसा धूर कमी व उष्णता भरपूर देतो, म्हणून आगबोटींच्या बॉयलरसाठी त्याला जगभर मागणी होती. ब्रिटिश आरमारही तोच वापरत असे. कार्डिफ आणि बॅरी या बंदरांतून तो दूरदूर जाई. १९१३ साली दक्षिण वेल्समध्ये सुमारे ५.७ कोटी टन कोळसा निघाला. त्या कोळसाक्षेत्राच्या उत्पादनाचे ते शिखर होते.

१८९१ मध्ये खाणीच्या खोदाईस सुरुवात झाली, १८९४ मध्ये रेल्वेची शाखा गावापर्यंत आली आणि १८९६ मध्ये पहिला कोळसा वर आला. खाणीचे मालक विल्यम टॉमस लुईस हे वेल्समधील बडे कोळसा-उद्योजक होते. पुढे त्यांना लॉर्ड मर्थर हा किताब मिळाला आणि १९११ मधील त्यांच्या सरदारकीच्या नावात सेंघेनिदचा समावेश झाला. रोजगारासाठी वेल्सच्या ग्रामीण भागातून आणि इंग्लंडमधून कुटुंबे येत गेली. उतारावर दगडी घरांच्या रांगा, प्रार्थनामंदिरे, दुकाने आणि शाळा उभ्या राहिल्या. गावातील बहुतेक घरांची चूल या एका खाणीवर पेटत होती.

रचना व कामकाज : खाणीला लँकेस्टर आणि यॉर्क असे दोन उभे शाफ्ट असून त्यांची खोली सुमारे ६०० मीटर होती. एका शाफ्टमधून ताजी हवा खाली येई, सर्व बोगद्यांतून फिरे आणि दुसऱ्यातून मोठ्या पंख्याच्या ओढीने बाहेर पडे. कामगार, लाकडी टेकू आणि कोळशाच्या गाड्या पिंजऱ्यातून वर-खाली जात. शाफ्टच्या तळापासून पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे मुख्य रस्ते फुटत. त्या काळी बोअर युद्धाच्या बातम्यांनी वृत्तपत्रे भरलेली असत. पश्चिमेकडच्या काही विभागांना त्या युद्धातील मॅफकिंग, लेडीस्मिथ, किंबर्ली, प्रिटोरिया ही गावांची नावे मिळाली होती.

कोळसा हाताने, कुदळ-फावड्याने काढला जाई. अनुभवी खाणकामगार आपल्याबरोबर एखादा पोरगा मदतनीस म्हणून घेई. चौदा वर्षांची मुलेही या कामावर असत. भरलेल्या गाड्या आधी घोडे ओढत आणि मुख्य रस्त्यांवर दोरखंडांची यंत्रे ओढत. मजुरी काढलेल्या कोळशाच्या वजनावर ठरत असल्याने टेकू लावणे, वाट साफ करणे अशी सुरक्षेची कामे कामगाराच्या कमाईच्या वेळातून जात. दक्षिण वेल्समधील मजुरीच्या लढ्यांना या व्यवस्थेची पार्श्वभूमी होती. १९१२ च्या देशव्यापी संपानंतर किमान वेतनाचा कायदा झाला.

धोके : ही खाण खोल, उष्ण, कोरडी आणि वायूने भरलेली होती. कोळशाच्या थरात अडकलेला मिथेन कोळसा फोडताच बाहेर येतो. तो हवेहून हलका असल्याने छताजवळ आणि छत कोसळून झालेल्या पोकळ्यांत साठतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असेल, तर एका ठिणगीने स्फोट होतो. ९ ते १० टक्क्यांच्या आसपास तो सर्वांत जोरदार असतो. म्हणून पाळी सुरू होण्यापूर्वी तपासनीस सुरक्षादीप घेऊन फिरत आणि ज्योतीभोवती दिसणाऱ्या फिकट निळ्या टोपीवरून वायूचे प्रमाण ओळखत.

मिथेनहून मोठा धोका कोळशाच्या धुळीचा होता. काठोकाठ भरलेल्या गाड्या हिंदकळत जात, सांडलेला कोळसा चाकांखाली दळला जाई आणि त्याची बारीक पूड जमिनीवर, भिंतींवर, तुळयांवर व टेकूंवर बसे. मिथेनचा छोटासा स्फोट झाला, तरी त्याच्या धक्क्याने ही पूड उडते. मागून येणारी ज्वाला तिला पेटवते, त्यामुळे पुढची पूड उडते आणि ती पुन्हा पेटते. अशा रीतीने एका कोपऱ्यातली ज्वाला काही क्षणांत अख्ख्या खाणीत धावते. पूड अपुरी जळाल्याने मागे कार्बन मोनॉक्साइड उरतो. त्याला वास नाही, रंगही नाही. मोठ्या स्फोटांत भाजून किंवा आघाताने मेलेल्यांपेक्षा या वायूने गुदमरलेल्यांची संख्या बहुधा जास्त असते. छत कोसळणे, गाडी सुटणे, पिंजऱ्याचे अपघात हे रोजचे धोके वेगळेच. त्यांत एकेक दोन-दोन माणसे दगावत आणि त्यांची बातमी गावाबाहेर क्वचित जाई.

१९०१ चा स्फोट : २४ मे १९०१ च्या पहाटे रात्रपाळीचे बहुतेक कामगार वर आले असताना लागोपाठ स्फोट झाले. त्या वेळी खाली असलेल्या ८२ जणांपैकी एकटा वाचला. तो घोड्यांची निगा राखणारा कामगार होता आणि आपल्या मेलेल्या घोड्याशेजारी बेशुद्ध सापडला. या घटनेची तपासणी करणाऱ्यांत विल्यम गॅलोवे हे तज्ज्ञ होते. कोळशाची धूळ स्वतःच स्फोट दूरवर वाहून नेते, हे त्यांनी १८७० च्या दशकापासून प्रयोगांनी मांडले होते. सेंघेनिदमध्ये धुळीवर पाणी मारण्याचे काम अपुरे पडले, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे १९१३ च्या बारा वर्षे आधी, याच खाणीत, याच धोक्याचे निदान झाले होते.

कायदा व दिरंगाई : १९०६ मध्ये फ्रान्समधील कुरियेर येथील खाणीत धुळीच्या स्फोटाने १,०९९ जण मरण पावल्यावर युरोपभर खळबळ उडाली. ब्रिटनमध्ये १९११ चा कोळसा खाण कायदा आला. बोगद्यांच्या जमिनीबरोबरच भिंती आणि छतावरची धूळही काढावी, असे बंधन त्यात होते. खाणीच्या पंख्याने हवेची दिशा गरजेप्रमाणे उलटवता आली पाहिजे, हे दुसरे महत्त्वाचे कलम होते. हवा येण्याच्या वाटेवर आग लागली, तर नेहमीचा प्रवाह धूर थेट कामगारांकडे नेतो. तो उलटवता आला, तर त्यांना सुटकेची संधी मिळते. या बदलासाठी जानेवारी १९१३ ही मुदत होती. युनिव्हर्सल खाणीला ती सप्टेंबरपर्यंत वाढवून मिळाली. सप्टेंबर संपला तरी काम पुरे झाले नव्हते.

इतर इशारेही मिळाले होते. १९१० मध्ये मॅफकिंग विभागात छत कोसळून एवढा वायू बाहेर पडला, की खाण काही काळ रिकामी करावी लागली. १९१२ मध्ये जवळच्या बेडवस खाणीत इशाऱ्याच्या विद्युत घंटेच्या ठिणगीने स्फोट झाला. युनिव्हर्सल खाणीतही उघड्या तारा जोडून घंटा वाजवण्याची तीच पद्धत चालू राहिली.

१९१३ ची दुर्घटना : १४ ऑक्टोबर १९१३ रोजी सकाळच्या पाळीचे सुमारे ९५० जण खाणीत होते. आठ वाजून दहा मिनिटांच्या सुमारास पश्चिम भागात स्फोट झाला. लँकेस्टर शाफ्टमधील पिंजरा स्फोटाच्या दाबाने वर फेकला जाऊन यंत्रणेवर आदळला आणि तोंडाशी उभा असलेला कामगार जागीच ठार झाला. व्यवस्थापक एडवर्ड शॉ यॉर्क शाफ्टने स्वतः खाली उतरले. पूर्वेकडील सुमारे ४५० कामगार सुखरूप होते. त्यांना वर आणले गेले. पश्चिमेच्या वाटेवर मात्र आग, धूर, कोसळलेले छत आणि विषारी वायू होता. शेजारच्या खोऱ्यांतून बचावपथके धावून आली. त्या रात्री पश्चिम भागातील १८ जण जिवंत सापडले. त्यानंतर जिवंत कोणी मिळाले नाही. छत कोसळून बचावपथकातील एकजण मृत्यू पावला.

बळी गेलेल्यांत ६० जण वीस वर्षांखालचे होते आणि त्यांतील आठ जण अवघे चौदा वर्षांचे. २०५ स्त्रिया विधवा झाल्या, ५४२ मुलांचे वडील गेले. बारा घरांतून बाप आणि मुलगा दोघे गेले, दहा घरांतून दोन-दोन मुलगे. एका घरात बाप व भाऊ गेल्याने सहा भावंडांचा सांभाळ अठरा वर्षांच्या मुलीवर येऊन पडला. मृतांचे हे आकडे खाणीच्या इतिहासाचा मुख्य भाग आहेत. उत्पादनाचे आकडे त्यांच्या नंतर वाचायचे.

चौकशी व शिक्षा : सरकारी चौकशीचे प्रमुख खाणींचे मुख्य निरीक्षक रिचर्ड रेडमेन होते. मालकांच्या बाजूने इव्हान विल्यम्स आणि कामगारांच्या बाजूने खाणकामगार महासंघाचे अध्यक्ष रॉबर्ट स्मायली हे सहायक होते. स्फोटाचे नेमके कारण निर्विवादपणे सिद्ध झाले नाही. विद्युत घंटेच्या ठिणगीने मिथेन पेटला आणि धुळीने ज्वाला पसरवली, ही शक्यता सर्वांत बळकट मानली गेली. धूळ फक्त जमिनीवरून उचलली जात होती, भिंती व छत तसेच राहत होते, आणि पंख्याचा प्रवाह उलटवण्याची सोय नव्हती, हे दोष चौकशीत स्पष्ट झाले.

खटल्यात व्यवस्थापकावर सतरा आणि कंपनीवर चार आरोप होते. जुलै १९१४ मध्ये व्यवस्थापकाला एकूण २४ पौंड दंड झाला. कंपनी आधी सुटली. अपिलानंतर तिला १० पौंड दंड व खटल्याचा खर्च भरावा लागला. व्यवस्थापकाचा दंड मृतांच्या संख्येने भागला, तर प्रत्येक जिवामागे जेमतेम एक शिलिंग आणि एक पेनी पडते. हा हिशेब त्या काळच्या वृत्तपत्रांनीही मांडला होता आणि वेल्समध्ये तो आजही विसरला गेलेला नाही.

सुरक्षाशास्त्रावरील परिणाम : स्फोटानंतर आर. व्ही. व्हीलर आणि डब्ल्यू. एम. थॉर्नटन यांनी घंटेच्या तारांवरील ठिणग्यांचा अभ्यास केला. विजेचा दाब कमी असला, तरी मंडल तुटताना उडणारी ठिणगी मिथेन पेटवण्यास पुरेशी ठरते, हे त्यांनी दाखवले. ठिणगीतील ऊर्जा इतकी कमी ठेवायची, की स्फोटक वायू पेटूच नये, हे तत्त्व त्यातून आकाराला आले. आज खाणींबरोबरच तेलशुद्धीकरण प्रकल्प, रसायन कारखाने आणि वायूच्या साठवणुकीच्या जागी वापरली जाणारी अनेक मोजमाप व दळणवळणाची उपकरणे याच तत्त्वावर बनवली जातात. धुळीवर उपाय म्हणून बोगद्यांत न जळणारी दगडाची पूड पसरण्याची पद्धत विल्यम गार्फोर्थ यांच्या प्रयोगांतून पुढे आली होती. १९२० मध्ये ब्रिटनमध्ये ती सक्तीची झाली. ही पूड कोळशाच्या धुळीत मिसळली, की ज्वालेची उष्णता शोषून घेते आणि तिची साखळी तोडते.

भारतातही भूमिगत कोळसा खाणींसाठी धूळ हटवणे, पाणी मारणे आणि दगडाची पूड वापरणे यांचे नियम आहेत. नियमांबरोबर दक्षता न राहिल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. २८ मे १९६५ रोजी तत्कालीन बिहारमधील धोरी खाणीत कोळशाच्या धुळीच्या स्फोटाने २६८ जणांचा बळी घेतला.

खाणीचा शेवट व स्मारके : आग विझवल्यावर नोव्हेंबर १९१३ च्या अखेरीस खाणीत पुन्हा काम सुरू झाले. पोट भरायला दुसरे साधन नसल्याने वाचलेल्यांपैकी अनेकजण त्याच बोगद्यांत परतले. पहिल्या महायुद्धानंतर वेल्सच्या कोळशाची बाजारपेठ आटली. जहाजे तेलावर चालू लागली आणि १९२८ मध्ये खाण बंद झाली. खाणीच्या जागी आता प्राथमिक शाळा आहे. तेथे १९८१ मध्ये पहिले स्मारक उभारले गेले. दुर्घटनेच्या शताब्दीला, १४ ऑक्टोबर २०१३ रोजी, गावात वेल्सचे राष्ट्रीय खाण स्मारक खुले झाले. वाचलेल्या कामगाराला आधार देणाऱ्या बचावकर्त्याचा कांस्य पुतळा आणि दोन्ही स्फोटांतील मृतांची नावे असलेली बाग तेथे आहे.

मूल्यमापन : युनिव्हर्सल खाणीतील मोठे धोके १९१३ पूर्वीच माहीत झालेले होते. धुळीचे निदान १९०१ मध्ये झाले, कायदा १९११ मध्ये आला, घंटेचा इशारा १९१२ मध्ये मिळाला आणि पंख्याची वाढीव मुदत स्फोटाच्या आधी संपली होती. ४४० जीव गेले ते ज्ञान आणि अंमलबजावणी यांच्यामधल्या या अंतरात. म्हणून कोणत्याही खाणीची सुरक्षितता तपासताना कायदा कधी झाला याबरोबरच तो जमिनीखाली कधी पोहोचला, हे विचारले पाहिजे.