'लिएम्बा' : टांगानिका सरोवरावरील एका आगबोटीची कहाणी

🧵 १/ समुद्रापासून हजार किलोमीटरहून अधिक आत, आफ्रिकेतील टांगानिका सरोवरावर, जर्मन साम्राज्याने बांधलेली एक आगबोट शतकभर प्रवासी वाहत राहिली. तिला बुडवले तेही तिच्या बांधणाऱ्यांनीच. तिचा हा इतिहास.

२/ १९१३ साली जर्मनीतील पापेनबुर्ग येथील मायर गोदीत ती बांधली गेली. मात्र सरोवरापर्यंत जलमार्ग नव्हता. म्हणून तिचे भाग सुटे करून सुमारे ५,००० पेट्यांत भरले गेले. त्या पेट्या समुद्रमार्गे दार-एस-सलामला आणि तेथून सरोवरकाठच्या किगोमाकडे रवाना झाल्या.

३/ किगोमात तिची पुन्हा जुळणी झाली. अँटोन र्‍यूटर आणि त्याच्या दोन जर्मन सहकाऱ्यांची नावे या संदर्भात आवर्जून सांगितली जातात. त्यांच्यासोबत राबलेल्या आफ्रिकी मजुरांची आणि भारतीय कारागिरांची नावे मात्र सहसा कोठे येत नाहीत.

४/ फेब्रुवारी १९१५ मध्ये ती पाण्यात उतरली. लांबी सुमारे ७० मीटर. नाव 'ग्राफ फोन ग्योत्सेन'. हा ग्योत्सेन जर्मन पूर्व आफ्रिकेचा गव्हर्नर होता. त्याच्याच कारकिर्दीत १९०५ साली माजी-माजी उठाव पेटला. तो चिरडताना शेते व धान्यसाठे जाळण्यात आले आणि दुष्काळ पडला. मृतांचे अंदाज पाऊण लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात.

५/ म्हणजे ज्या प्रजेने ही बोट वापरायची, तिच्या ताज्या जखमेचे नावच बोटीवर कोरलेले होते.

६/ तोवर पहिले महायुद्ध आफ्रिकेत पोहोचले होते. बोटीवर तोफ चढली आणि ती सैन्याची ने-आण करू लागली. तिकडे ब्रिटिशांनी 'मिमी' आणि 'तूतू' या दोन लहान मोटारबोटी केपटाउनमार्गे, रेल्वेने आणि जंगलातून ओढत सरोवरावर आणल्या. त्यांनी इतर जर्मन बोटींवर मात केली; 'ग्योत्सेन'वर हल्ला मात केला नाही.

७/ जुलै १९१६. शत्रू किगोमाच्या जवळ येताच जर्मनांनी बोट स्वतःच बुडवली. पण त्याआधी तिच्या इंजिनावर ग्रीसचा जाड थर चढवला. बोट परत मिळवायचा त्यांचा मानस यावरून उघड होतो.

८/ तो फळला, पण दुसऱ्यांना! बेल्जियनांनी बोट वर काढली. ती पुन्हा बुडाली. अखेर १९२४ मध्ये ब्रिटिशांनी तिला बाहेर काढले. इतकी वर्षे पाण्याखाली राहूनही तिची यंत्रे दुरुस्त होण्याजोगी निघाली. गोडे पाणी आणि ते ग्रीस, दोन्ही उपयोगी पडले.

९/ १९२७ मध्ये ती नव्या नावाने सेवेत आली : 'लिएम्बा'. सरोवराच्या दक्षिण भागाचे हे स्थानिक नाव लिव्हिंगस्टनने १८६७ मध्ये नोंदवले होते. गव्हर्नर गेला, सरोवर उरले. अर्थात नाव बदलणारेही साम्राज्यकर्तेच होते, हे विसरता येत नाही.

१०/ पुढील दशके किगोमा ते दक्षिणेकडील मपुलुंगू हा तिचा मार्ग राहिला. काठावरील अनेक गावांना रस्ता नाही, धक्काही नाही. बोट सरोवरात थांबे. होड्या तिला येऊन भिडत. माणसे, सुकी मासळी, मका, अननस यांची चढउतार होई. १९७० च्या दशकात वाफेचे इंजिन जाऊन डिझेल आले. फेऱ्या चालूच राहिल्या.

११/ सैनिक वाहणाऱ्या या बोटीने पुढे निर्वासितही वाहिले. १९९७ मध्ये तिने काँगोच्या हजारो निर्वासितांना मायदेशी पोहोचवले. २०१५ मध्ये बुरुंडीतून पळालेले लोक डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये कागुंगा गावी अडकले, कॉलरा पसरला. तेव्हा एका खेपेस सुमारे सहाशे माणसे घेऊन हीच बोट त्यांना किगोमाला आणत होती.

१२/ सी. एस. फॉरेस्टरच्या 'द आफ्रिकन क्वीन' (१९३५) या कादंबरीमागची बोट म्हणून तिची जगभर ओळख आहे. पण युद्धातील तिचे आयुष्य जेमतेम दीड वर्षाचे; प्रवासी सेवेचे सुमारे नव्वद वर्षांचे. इतिहासलेखनात मात्र हे प्रमाण नेमके उलटते.

१३/ अलीकडे तिच्या फेऱ्या थांबल्या आणि दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आले. तिचे जतन करताना तोफ आणि ग्रीस यांच्या कथा आपोआप टिकतील. मध्यरात्री होडीतून तिच्यावर चढणाऱ्या मासळीवालीची आठवण मात्र मुद्दाम नोंदवावी लागेल. मौखिक इतिहासाचे काम येथेच सुरू होते. (समाप्त)