एकत्र नांदण्याचा हिशेब

हिंगणघाट तालुक्यातले अल्लीपूर जागचे कधी हलले नाही. राज्ये मात्र बदलली. 1956 च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत हे गाव मध्यप्रदेश राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशी राजधानी गेली, आणि रात्रभर रेल्वेत बसावे लागेल अशी आली.

लहान घराने मोठ्या घरात नांदायला जावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे तेव्हाही होताच. फाजल अली आयोगाने 1955 साली वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. दुसरीकडे, सर्व मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे ही ओढही खरी होती. म्हणून 28 सप्टेंबर 1953 रोजीच नेत्यांनी नागपूर करार केला. यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील वगैरे मंडळींच्या त्यावर सह्या आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत व शिक्षणात वाटा, नागपुरास उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन, असे त्यात ठरले.

पुढे काय झाले? खंडपीठ राहिले. अधिवेशनही भरत आले. 2020 आणि 2021 साली मात्र ते मुंबईतच झाले. म्हणजे जे डोळ्यांना दिसते, ते बव्हंशी पाळले गेले. पैशाची गोष्ट निराळी. राज्यघटनेच्या 371 व्या कलमात विकास मंडळांची तरतूद 1956 सालीच झाली, पण मंडळे स्थापन व्हायला 1994 साल उजाडले. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. मधल्या काळात, 1984 साली, दांडेकर समितीने अनुशेष मोजला. तो निघाला सुमारे 3,186 कोटी रुपये, आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे 39 टक्के!

आता कापसाचे बघा. 1972 पासून एकाधिकार खरेदी आली. शेतकऱ्याला भावाची हमी मिळाली, व्यापाऱ्याची अडवणूक टळली. पण कापूस राज्याबाहेर नेऊन विकायला बंदी झाली. शेजारच्या राज्यात चढा भाव असला, तरी आपली गाडी सीमेवरच अडे. 2002 नंतर खाजगी खरेदीला वाट मिळाली. संरक्षण आणि बंधन एकाच दाराने घरात आले ते असे.

युरोपातही हाच अनुभव आहे. 1957 साली सहा देशांनी रोम येथे करार करून सामायिक बाजार उभारला. इंग्लंड 1973 मध्ये त्यात गेले. मागासलेल्या भागांसाठी 1975 मध्ये वेगळा निधी निघाला. तरीही आपले निर्णय दूर कुठेतरी होतात, ही तक्रार वाढत गेली, आणि 2020 च्या जानेवारीअखेर इंग्लंड बाहेर पडले. तिथे देश सार्वभौम होते, इथे एकाच देशाचे प्रांत. हा फरक विसरू नये. पण वाटणीचा प्रश्न तोच.

माझे म्हणणे एवढेच, की सामील होण्याने कोणी आपोआप श्रीमंत होत नाही, की भिकेलाही लागत नाही. वाटा ठरतो, पण तो मोजणारे आणि मागणारे कोणी लागते. सही 1953 ची, मोजणी 1984 ची. मधली 31 वर्षे लहान नव्हेत. गुरुजींनी वर्गात नागपूर करार जरूर वाचून दाखवावा. मुलांनी घरी आजोबांना विचारावे: कापूस कुठे विकत होता, कोर्टाला कुठे जात होता, कॉलेज कुठे होते? हा जमाखर्च गावातच मांडता येईल.