बिशपांचा मायटर आणि सुताराचा मायटर

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत आरंभीं बिशप महाशयांचें छायाचित्र द्यावें, त्यानंतर धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचीं छायाचित्रें द्यावींत, आणि मग देणगीदारांची नामावळी छापावी, असा आपल्याकडील शिरस्ता आहे; व तो योग्यच आहे. परंतु ज्यांच्या हातांनीं देऊळ प्रत्यक्ष उभें राहिलें त्या गवंड्यांचीं व सुतारांचीं नांवें अशा पुस्तिकांत सहसा आढळत नाहींत. ही उणीव या लेखानें भरून निघणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. कारण नांव एकदां विस्मरणांत गेलें कीं तें परत मिळविणें कठिण. तथापि, बिशपांच्या मस्तकावर आणि सुताराच्या हातांत एकाच वेळीं असणारा एक शब्द आहे. त्या शब्दाची हकीकत या मंगल प्रसंगीं वाचकांपुढें ठेवावी, म्हणजे त्या अनामिक हातांचें थोडें तरी स्मरण होईल, असें आम्हांस वाटलें. तो शब्द म्हणजे 'मायटर'.

दृढीकरणाच्या विधीसाठीं बिशप देवळांत येतात, तेव्हां लहान मुलांचें लक्ष प्रथम त्यांच्या उंच, दोन टोंकांच्या शिरोभूषणाकडे जातें. त्याचें इंग्रजी नांव मायटर. तसेंच, लांकडाच्या दोन पट्ट्या पंचेचाळीस अंशांत तिरप्या कापून त्यांचा काटकोन जुळविला म्हणजे जो सांधा होतो, त्यासहि इंग्रजी कारागीर मायटर असेंच म्हणतात. एक वस्तु सोन्याच्या जरीची, दुसरी सागाच्या लांकडाची. एक वेदीपाशीं, दुसरी सुताराच्या पडवींत. मग नांव एक कां?

मुळांत हा शब्द ग्रीक भाषेंतील होय. 'मित्रा' असा त्याचा उच्चार असून, बांधावयाची पट्टी, मग ती कमरेची असो वा मस्तकाची, असा त्याचा अर्थ होता. होमर कवीच्या 'इलियड' महाकाव्यांत, चौथ्या सर्गांत, मेनेलाऊस राजास बाण लागतो. त्या प्रसंगीं त्याच्या अंगावरील इतर आवरणांबरोबर कमरेची ही धातूची पट्टी बाणाचा जोर मोडिते आणि राजाचे प्राण वांचतात. ती पट्टी धातुकाम करणाऱ्या कारागिरांनीं घडविली होती, हें सांगावयास कवि विसरत नाहीं. म्हणजे हा शब्द ग्रीक वाङ्मयांत प्रथम भेटतो तोच कारागिराच्या उल्लेखासह, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

पुढें ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें मोशेच्या ग्रंथांचें ग्रीक भाषांतर झालें. निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या व एकोणतिसाव्या अध्यायांत महायाजक अहरोन याच्या तागाच्या शिरोवेष्टनाचें वर्णन आहे. तेथें भाषांतरकारांनीं हाच शब्द योजिला. आपल्या मराठी शास्त्रांत त्याच ठिकाणीं 'मंदील' हा शब्द येतो. त्या मंदिलावर निळ्या फितीनें शुद्ध सोन्याची पाटी बांधलेली असे, आणि परमेश्वरासाठीं पवित्र अशा अर्थाचीं अक्षरें तिजवर कोरलेलीं असत. अशा रीतीनें कमरेची पट्टी मस्तकावर चढली आणि तिला पावित्र्याचा अर्थ प्राप्त झाला.

येथें मराठी वाचकाच्या मनांत सहज एक प्रश्न उभा राहील. ग्रीक 'मित्रा' आणि आपला 'मित्र' यांचें कांहीं नातें आहे काय? कित्येक भाषापंडितांनीं असें सुचविलें आहे कीं, दोन्ही शब्द 'बांधणें' या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूपासून निघाले असावेत. मित्र म्हणजे ज्याच्याशीं आपण वचनानें बांधले गेलों तो. हें मत सर्वांस मान्य झालेलें नाहीं, म्हणून त्यावर आम्ही इमारत उभारूं इच्छीत नाहीं. परंतु ग्रीक शब्दाचा अर्थ 'बांधणारी पट्टी' असा होता, एवढें निश्चित आहे. आणि पुढील हकीकतीस तेवढें पुरेसें आहे.

आतां बिशपांच्या मायटराकडे वळूं. तो प्रेषितांच्या काळापासून चालत आला आहे असा पुष्कळांचा समज असतो. पण तो खरा नव्हे. पहिलीं कित्येक शतकें बिशपांस उपासनेंत विशेष शिरोभूषण नव्हतें. रोम येथें पोप महाशय मिरवणुकीच्या वेळीं पांढरी, निमुळती टोपी घालीत. तिच्यापासून मायटर उत्पन्न झाला. इ. स. १०४९ मध्यें नववे लिओ यांनीं ट्रिअरचे बिशप एबरहार्ट यांस रोमन मायटर घालण्याचा मान दिला, हा त्याविषयींचा एक अगदीं जुना निश्चित लेख होय. बाराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पश्चिमेकडील बहुतेक सर्व बिशप तो घालूं लागले.

त्याचा आकारहि एकदम ठरला नाहीं. प्रथम तो साध्या शंकूसारखा होता. पुढें मधोमध खोलगट होऊन दोन बाजूंस, म्हणजे कानांच्या वर, दोन उंचवटे आले. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो फिरविण्यांत येऊन एक टोंक पुढें व एक मागें झालें. तेंच रूप आज आपण पाहतों. त्यानंतर तो शतकानुशतकें उंच होत गेला, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) अनेक ठिकाणीं पुनः ठेंगणा झाला. मागें पाठीवर ज्या दोन फिती लोंबतात, त्या मस्तकाभोंवतीं बांधावयाच्या जुन्या पट्टीच्या अवशेष होत, असें बहुतेक इतिहासकार मानितात. म्हणजे मूळ अर्थ अद्यापि बिशपांच्या पाठीवर रुळत आहे.

तेराव्या शतकांत माँद येथील बिशप ड्युरांडस यांनीं उपासनेच्या वस्तूंचा अर्थ सांगणारा मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या व त्या काळच्या इतर पंडितांच्या मतें मायटराचीं दोन टोंकें म्हणजे जुना व नवा हे दोन करार, आणि मागील दोन फिती म्हणजे शास्त्राचें अक्षर व त्याचा आत्मा. मायटर हातीं घेऊन पाहिल्यास या अर्थाची यथार्थता पटते. तो एकसंध नसतो. पुढचा व मागचा असे दोन ताठ भाग एकमेकांस जोडलेले असतात. एक भाग काढून टाकिला, तर दुसरा मस्तकावर राहणार नाहीं. ज्यानें हे दोन्ही करार एकत्र धरून शिकवावयाचें, त्यानें जोडलेली वस्तु मस्तकीं धारण करावी, हें उचितच नव्हे काय?

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बिशप आसनावर बसतात, प्रवेशाच्या मिरवणुकीनें येतात, आशीर्वाद देतात, तेव्हां मायटर मस्तकावर असतो. परंतु शुभवर्तमान वाचिलें जात असतां तो काढितात, आणि वेदीवरील महाप्रार्थनेच्या वेळीं तर त्याखालील लहान टोपीहि काढून ठेवितात. लोकांपुढें मायटर, देवापुढें उघडें मस्तक. हा भेद ज्यानें ओळखिला, त्यास मायटर हा राजमुकुट नव्हे हें वेगळें सांगावयास नको.

मराठी भाषिक कॅथोलिकांस याचें एक जवळचें उदाहरण आहे. येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ मध्यें 'निरोप्या' मासिक सुरू केलें आणि १९०७ मध्यें ते पुण्याचे बिशप झाले. परदेशांत जन्मलेल्या ज्या माणसानें आपली भाषा शिकून गरीब खेडुतांसाठीं मासिक काढिलें, त्याच्याच मस्तकावर पुढें मायटर आला. दोन भाषांचे व दोन लोकांचे तुकडे जोडण्याचें काम त्यांनीं मायटर मिळण्यापूर्वींच आरंभिलें होतें.

आतां सुताराच्या पडवींत जाऊं. सुताराचा मायटर हा शब्द इंग्रजींत सतराव्या शतकापासून आढळतो. लंडनच्या जोसेफ मॉक्सन यांनीं १६७८ च्या सुमारास कारागिरांच्या हुन्नरांवर जी पुस्तकमाला काढिली, तिच्यांत पंचेचाळीस अंशांच्या गुण्याचें वर्णन याच नांवानें आहे. बिशपांच्या टोपीचें टोंक दोन तिरप्या कडा मिळून होतें, तसाच हा कोपराहि दोन तिरप्या कडा मिळून होतो. म्हणून टोपीवरूनच सांध्यास नांव पडलें असावें, असें कोशकार 'बहुधा' हा शब्द घालून सांगतात. इतर भाषांत मात्र हा योग नाहीं. फ्रेंच सुतार त्या कापास 'ओंग्ले' म्हणतो, जर्मन 'गेरुंग' म्हणतो, आणि पोर्तुगीज 'मैय्य एस्क्वाद्रीय', म्हणजे अर्धा काटकोन, असें म्हणतो. टोपीच्या साम्यावरून पडलेलें एक नांव तर आपल्या सर्वांच्या छातींत आहे. हृदयाच्या डाव्या भागांतील दोन पाकळ्यांच्या झडपेस शरीरशास्त्रज्ञ मायट्रल असें म्हणतात.

हा सांधा दिसावयास सोपा, पण करावयास अवघड. साध्या सांध्यांत एका पट्टीचें टोंक दुसरीच्या कडेस टेकवितात. तेथें एक पट्टी झांकते व दुसरी झांकली जाते. मायटरांत दोहींस सारखेंच कापावें लागतें. दोहींचीं उघडीं टोंकें आंत दडतात, आणि नक्षीची रेघ कोपऱ्यावर न तुटतां वळून पुढें जाते. चौकटीस कोपरे चार, म्हणून काप आठ. प्रत्येक कापांत एकाच बाजूस अर्धा अंश चूक झाली, तर शेवटच्या कोपऱ्यावर चार अंशांची फट दिसते. म्हणून सुतार तीन बाजूंच्या लांकडी पेटीस तिरप्या खांचा पाडून त्यांतूनच करवत चालवितो, आणि मग रंध्यानें कड साफ करितो.

इतकें करूनहि हवा आपलें काम करितेच. कोरड्या दिवसांत जोडलेली चौकट पावसाळ्यांत फुगली म्हणजे सांधा बाहेरच्या कोपऱ्यांत उघडतो. ओल्या दिवसांत जोडलेली उन्हाळ्यांत सुकली म्हणजे आंतल्या कोपऱ्यांत उघडतो. शिवाय तिरप्या कापलेल्या टोंकांस सरस घट्ट धरीत नाहीं. म्हणून जाणता सुतार सांध्याच्या आरपार लांकडाची पातळ चीप बसवितो. ती पाहणाऱ्याच्या नजरेंत सहसा भरत नाहीं. परंतु चौकट टिकते ती तिच्यामुळें.

देवळांत या कौशल्याचा पुरावा पाहावयाचा असेल, तर क्रूसाच्या वाटेच्या तसबिरींकडे पाहावें. बारावे क्लेमेंट यांनीं १७३१ मध्यें या वाटेचीं स्थानें चौदा अशीं निश्चित केलीं. चौदा चौकटी, छप्पन्न कोपरे, एकशें बारा काप! तपःकाळांतील प्रत्येक शुक्रवारीं आपण त्यांच्यापुढें गुडघे टेकितों, पण कोपऱ्याकडे कोणाची नजर जात नाहीं. आणि न जाणें हेंच त्या कामाचें यश होय. येथें एक जुना नियम सांगण्याजोगा आहे: या वाटेच्या पुण्यलाभासाठीं चित्रें आवश्यक नाहींत, चौदा क्रूस आवश्यक आहेत, आणि पूर्वीं ते लांकडाचेच असावे लागत. म्हणजे चित्रकारावांचून भागत असे, पण सुतारावांचून भागत नसे.

आपला प्रभु स्वतः या हुन्नराचा होता, हें आम्हीं सांगावयास नको. मत्तयाच्या तेराव्या अध्यायांत लोक त्यास सुताराचा पुत्र म्हणतात. मार्काच्या सहाव्या अध्यायांत तर सुतारच म्हणतात. ते शब्द नाझरेथच्या लोकांनीं हिणविण्यासाठीं उच्चारिले. ख्रिस्तसभेनें मात्र नवव्या पायसांच्या हातून १८७० मध्यें संत योसेफ यांस आपला आश्रयदाता म्हणून घोषित केलें, आणि बाराव्या पायसांनीं १९५५ मध्यें १ मे हा कामकरी संत योसेफ यांचा सण ठरविला. ज्या हातांत करवत होती, त्या हातांच्या आश्रयास सर्व मायटरधारी आज आहेत.

प्रिय वाचकहो, या दोन मायटरांचा बोध एकच आहे. सांधा तेव्हांच जुळतो, जेव्हां दोन्ही बाजू आपआपला कोपरा सोडावयास तयार होतात; आणि कापावयाचें माप दोहींस एकच असतें. मेंढपाळ व कळप, वृद्ध व तरुण, गांवांत राहिलेले व पोटासाठीं दूर गेलेले, यांच्यांत जी फट पडते तीहि हवेप्रमाणें कधीं बाहेरून, कधीं आंतून पडते. ती बुजविणारी पातळ चीप प्रत्येक धर्मग्रामांत कोणीतरी असते, आणि तिचें नांव सहसा कोणास ठाऊक नसतें.

म्हणून शेवटीं आमची एक विनंती आहे. आपल्या घरांतील वडील माणसांस विचारा: देवळाचे दरवाजे, बांकें, वेदी, तसबिरींच्या चौकटी कोणी केल्या? एखादें नांव, निदान एखाद्या घराण्याची आठवण, अजून कोणाच्या तरी ओठीं असेल. ती लिहून धर्मगुरूंच्या स्वाधीन करा, म्हणजे पुढील ज्युबिलीच्या पुस्तिकेंत मायटर धारण करणाऱ्यांच्या छायाचित्रांबरोबर मायटर जुळविणाऱ्यांचींहि नांवें छापतां येतील. तोंवर, ज्यांचीं नांवें माणसें विसरलीं पण देव विसरला नाहीं, त्या सर्व कारागिरांच्या आत्म्यांस प्रभु चिरशांति देवो, अशी प्रार्थना करून आम्ही लेखणी खालीं ठेवितों.