नाणेघाट

नाणेघाट : सह्याद्रीतील एक प्राचीन घाटमार्ग व तेथील सातवाहनकालीन लेणे. कोकण व दख्खनचे पठार यांना जोडणारी ही पायवाट पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि ठाणे जिल्ह्यातील मुरबाड या तालुक्यांच्या सीमेवर असून ती जुन्नरच्या पश्चिमेस सु. ३० किमी. अंतरावर आहे. घाटमाथ्यावर घाटघर व कोकणाच्या बाजूस पायथ्याशी वैशाखरे ही गावे आहेत. आरंभीच्या सातवाहनांचा सर्वांत विस्तृत लेख त्यांच्या राजधानीत नव्हे, तर या आडबाजूच्या खिंडीत कोरलेला आहे. म्हणूनच लेण्याचा अर्थ वाटेपासून वेगळा करता येत नाही.

प्राचीन काळी सोपारा व कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला व तेथून प्रतिष्ठान (पैठण) व तगर (तेर) या नगरांकडे जात असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण व तेर या दोन्ही बाजारपेठांचा उल्लेख आहे. थोरल्या सारगनसच्या काळी कल्याण हे अधिकृत व्यापारी बंदर होते. पुढे मात्र तेथे येणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचकडे नेण्यात येई, असे त्यात म्हटले आहे. सारगनस म्हणजे सातकर्णी, असे सामान्यतः मानतात. बंदरांवरील ही चढाओढ क्षत्रप व सातवाहन यांच्या संघर्षाचाच एक भाग होती. नहपानाचा अमात्य अयम याचा जुन्नर येथील लेख हा प्रदेश काही काळ क्षत्रपांकडे गेल्याचे दर्शवितो. घाट ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे बंदराचा लाभ, असे हे साधे गणित होते.

वाटेची रचना कोकणातून चढून आल्यावरच नीट ध्यानात येते. पायथ्याचे रान संपताच चढ तीव्र होतो आणि शेवटच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या व पाण्याची टाकी लागतात. वाशिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णीच्या १३ व्या राज्यवर्षात कामवन येथील दामघोष नावाच्या गृहस्थाने टाके खोदविल्याचा लेख येथे आहे. वाटेची सोय केवळ राजसत्तेने नव्हे, तर सामान्य दात्यांनीही केली, हे त्यावरून दिसते. टाक्यांनंतर मुख्य लेणे व त्यापुढे दोन्ही बाजूंस उभे कडे असलेली चिंचोळी खिंड लागते. ती ओलांडताच पठार सुरू होते. माथ्यावरील मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता व त्यावरून घाटास हे नाव पडले, असे परंपरा सांगते. तथापि त्यास समकालीन लेखी आधार नाही. शेजारचा उंच सुळका ‘नानाचा अंगठा’ म्हणून ओळखला जातो.

लेणे चौरसप्राय असून भिंतींलगत बैठकीचे ओटे आहेत. येथे भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या नाहीत. मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या आठ उठावाच्या प्रतिमा होत्या. आज त्यांच्या पावलांचे काही अवशेष व डोक्यांवरील काही नामलेख एवढेच उरले आहे. या नामलेखांत राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सातकर्णी, महारठी त्रनकयिर आणि काही राजकुमार यांची नावे येतात. भारतातील राजप्रतिमागृहाचे हे एक अतिप्राचीन उदाहरण होय. वाटसरूंचा विसावा व राजकुलाचे दर्शन ही दोन्ही कार्ये ही एकच वास्तू करीत असावी.

डाव्या व उजव्या भिंतींवर प्रत्येकी दहा ओळींचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. तो नायनिकेचा (नागनिकेचा) समजला जातो. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य व चार लोकपाल यांना वंदन असून पुढे अश्वमेध, राजसूय, गवामयन, आप्तोर्याम इ. यज्ञ व त्यांतील दक्षिणा यांची नोंद आहे. एके ठिकाणी १,७०० गाई व १० हत्ती, दुसरीकडे ११,००० गाई व १,००० घोडे, तर अन्यत्र २४,४०० कार्षापण असे आकडे येतात. ही राणी विधवा असून पुत्राच्या वतीने कारभार पाहत होती, असे गेओर्ख ब्यूलरचे मत होते. ते सर्वांना मान्य नाही. लेखाच्या काळाविषयीही मतभेद असून तो इ. स. पू. दुसरे ते पहिले शतक असा मानतात. मात्र यज्ञांसाठी लागलेल्या या संपत्तीच्या मागे व्यापारी वाटेचे उत्पन्न होते, हा तर्क लेखाच्या जागेमुळेच बळावतो.

लेखातील अंकचिन्हांना गणिताच्या इतिहासात विशेष स्थान आहे. त्यांत शून्य व स्थानमूल्य नाही. २४,४०० ही संख्या वीस हजार, चार हजार व चारशे यांची चिन्हे क्रमाने मांडून लिहिली आहे. १८२८ मध्ये विल्यम साइक्सने हे लेख पाहिले. पुढे भगवानलाल इंद्रजींनी अंकांचा उलगडा केला आणि ब्यूलरने १८८३ मध्ये लेखाचे वाचन व भाषांतर प्रसिद्ध केले.

मध्ययुगात जीवधन, चावंड, हडसर व शिवनेरी हे किल्ले या मार्गाच्या परिसरावर लक्ष ठेवीत. १८१८ मध्ये इंग्रजांनी जीवधनच्या वाटेची मोडतोड केली. बोरघाटातून १८६३ मध्ये व थळघाटातून १८६५ मध्ये लोहमार्ग सुरू झाल्यावर दख्खनचा व्यापार तिकडे वळला. आता माथ्यापर्यंत मोटाररस्ता झाला असल्याने पुष्कळ प्रवासी वरूनच लेण्यात उतरतात आणि पायऱ्या व टाकी यांची मालिका त्यांच्या नजरेबाहेर राहते. लेखाच्या अनेक ओळी एकोणिसाव्या शतकातच तुटक झाल्या होत्या आणि उरलेली अक्षरेही पावसाने व माणसांच्या हाताळणीने झिजत आहेत. प्रतिमांची पावले तरी शिल्लक आहेत. अक्षरे गेल्यास ती कोणाची, हे सांगणारा दुसरा पुरावा या घाटात नाही.