कोपऱ्यातील खिडकी

यंत्रांचा इतिहास आपण बहुधा शर्यतीसारखा सांगतो. नवे आले, जुने मागे पडले, आणि मागे पडलेल्याला पुन्हा कोणी विचारले नाही. क्रमिक पुस्तकांना हीच मांडणी सोयीची असते. परंतु मी शिकवतो तो इतिहास असा सरळ चालत नाही, आणि कॅमेऱ्याचाही चाललेला नाही. २०१० च्या सप्टेंबरात जर्मनीतील कोलोन शहरी, तेव्हा भरत असलेल्या 'फोटोकिना' प्रदर्शनात, जपानच्या फुजीफिल्म कंपनीने 'एक्स-१००' या लहानशा डिजिटल कॅमेऱ्याची घोषणा केली. तो बाजारात यायला मार्च २०११ उजाडायचा होता. मधल्या काळात देशोदेशीचे छायाचित्रकार त्याची वाट पाहत राहिले. आणि वाट कशाची? तर मुख्यत्वे त्याच्या कोपऱ्यातील एका खिडकीची!

या खिडकीचे कूळ शोधायचे तर वेट्झलार गावी जायला हवे. तेथील लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक या तंत्रज्ञाने १९१३-१४ च्या सुमारास सिनेमाच्या फिल्मवर चालणारा एक चिमुकला कॅमेरा घडवला. १९२५ साली तो 'लायका' या नावाने लोकांपुढे आला. समोरची वस्तू किती दूर आहे, हे मात्र त्यात अंदाजानेच ठरवावे लागे. १९३२ च्या लायकात अंतरमापक भिंगाशी जोडला गेला. त्याचे तत्त्व वाचकांना घरबसल्या पडताळता येईल. नाकासमोर बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट जागा बदलल्यासारखे दिसते. बोट जितके जवळ, तितकी ही उडी मोठी. कॅमेऱ्यालाही असेच दोन डोळे दिले आणि दोन प्रतिमा एकमेकींवर चपखल बसेपर्यंत भिंग फिरवले, की अंतर जुळते. तरीही अंतर एका झरोक्यातून आणि चित्र दुसऱ्यातून पाहावे लागे. ही डोळ्याची येरझार १९५४ च्या 'लायका एम-३' ने थांबवली. एकाच खिडकीत अंतर, दृश्य आणि चित्राची सीमा दाखवणाऱ्या उजळ रेषा! हा कॅमेराही कोलोनच्या फोटोकिनातच पुढे आला होता.

खरे मर्म त्या रेषांत आहे. रेषांच्या आत जे दिसते ते चित्रात येणार; परंतु रेषांच्या बाहेरचेही थोडे दिसत राहते. रस्त्यावरून येणारा माणूस चौकटीत शिरण्यापूर्वीच नजरेत येतो. खिडकी कोपऱ्यात असल्याने दुसरा डोळाही उघडा ठेवता येतो. १९४८ च्या जानेवारीअखेर गांधीजींच्या हत्येनंतर दिल्लीत लोटलेला शोकाकुल जनसमुदाय आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी टिपला, तो लायकानेच.

पुढे वारे फिरले. १९५९ च्या 'निकॉन एफ' नंतर आरशाच्या कॅमेऱ्यांचे राज्य आले. त्यांत भिंग जे पाहते तेच डोळा पाहतो, ही मोठी सोय. पण चौकटीबाहेर काळोख, आणि नेमक्या क्षणी आरसा उचलला की आतही काळोख. डिजिटल युगात तर पुष्कळशा लहान कॅमेऱ्यांची खिडकीच गेली. हात लांब करून मागच्या पडद्याकडे पाहायचे, आणि उन्हात तोही नीट दिसायचा नाही. २००४ चा 'एप्सन आर-डी१' आणि २००६ चा 'लायका एम-८' यांनी जुना अंतरमापक डिजिटल केला खरा, परंतु त्यांच्या किमती सामान्य हौशी माणसाला पेलणाऱ्या नव्हत्या.

या पार्श्वभूमीवर एक्स-१०० ची उत्कंठा समजते. एक कळ दाबली की काचेतून साक्षात दृश्य आणि त्यावर तरंगणारी चौकट. पुन्हा दाबली की भिंगातून आलेले विद्युत्चित्र. दोन प्रतिमा जुळवणारा खरा अंतरमापक त्यात नव्हता. अंतर यंत्र आपोआप जुळवी. म्हणून काही कर्मठांनी नाके मुरडली. हे जुन्या रूपाचे सोंग आहे, असे त्यांचे म्हणणे. सोंग थोडे होतेच. चंदेरी धातू आणि काळे आवरण केवळ उपयोगासाठी नसते. परंतु माझ्या मते परंपरेची पारख इथेच होते. अंतर मोजणे हे यंत्राचे काम होते, ते यंत्राकडे गेले. पाहणे हे माणसाचे काम. त्याची जागा, ती खिडकी, तेवढी राखली गेली. परंपरेतले काय टाकावे आणि काय ठेवावे, याचा इतका नेमका निवाडा माणसांच्या संस्थांतही क्वचित आढळतो.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर प्रलयंकारी भूकंप झाला. एक्स-१०० जिथे बनत होता, तो सेन्दाईजवळचा कारखानाही त्या तडाख्यात सापडून काही काळ बंद पडला. हजारो माणसे गमावलेल्या त्या प्रांतापुढे कॅमेऱ्याची प्रतीक्षा ती काय! उत्पादन पुन्हा सुरू झाले, आणि वंश पुढे चालला. २०२४ साली त्याची सहावी आवृत्ती आली, तेव्हाही ग्राहकांना महिनोन्‌महिने थांबावे लागले. एव्हाना ज्याच्या त्याच्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये कॅमेरा. चित्रांचा तुटवडा कुणालाच नव्हता. तरीही माणसे थांबली; कारण चौकटीत काय घ्यायचे हे ठरवण्यापूर्वी चौकटीबाहेर काय आहे, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते.